ताप येण्याआधी प्रवासी घरी पोहोचलेला असतो

प्रश्न असा आहे: "मुलगी जर्मनीला असते, त्यामुळे वर्षाआड आमचा विमानप्रवास ठरलेला. तीनशे माणसं आठ-नऊ तास एका बंद जागेत तीच हवा घेतात, मग साथी विमानातच पसरतात का? आणि विमानतळावर एवढी तपासणी होत असताना नवा रोग दर वेळी देशात शिरतो कसा?"

साथरोगांच्या नियंत्रणात आणि परदेशातून आजारी होऊन आलेल्या रुग्णांना तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल. दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण खरी गोम तिथे आहे. विमानाच्या आतली हवा हा त्यातला लहान भाग.

रोगजंतू शरीरात शिरला की माणूस लगेच आजारी पडत नाही. शिरकाव आणि पहिलं लक्षण यांच्यामध्ये जो काळ जातो त्याला अधिशयन काळ म्हणतात. फ्लूमध्ये तो १ ते ४ दिवसांचा असतो, २००३ च्या सार्समध्ये (श्वसनाचा गंभीर विषाणूजन्य आजार) साधारण २ ते १० दिवसांचा होता, इबोलामध्ये २ ते २१ दिवसांचा. गोवराचा ताप दहाएक दिवसांनी येतो आणि पुरळ साधारण चौदाव्या दिवशी. आता याच्या शेजारी विमानप्रवासाचे तास ठेवून बघा. मुंबईहून फ्रँकफर्टला नऊएक तास. जगातल्या सर्वांत लांबच्या थेट उड्डाणालाही १९ तासांच्या आसपासच लागतात. म्हणजे निघायच्या दिवशीच संसर्ग झालेला माणूसदेखील ठणठणीत उतरतो, पासपोर्टवर शिक्का घेतो, बॅगा उचलतो आणि घरी जाऊन जेवतो. ताप नंतर येतो, तोही आपल्याच गल्लीत.

जहाजांच्या काळात हे गणित वेगळं होतं. महिनाभराच्या सफरीत आजार जहाजावरच उघडा पडायचा आणि बंदरात पिवळा बावटा लावून जहाज थांबवता यायचं. तरी रोग येतच, पण वेळ लागे. १८९४ मध्ये प्लेग हाँगकाँगला पोहोचला. मुंबईत तो दिसायला १८९६ चा सप्टेंबर उजाडला, मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोवेकर डॉक्टरांनी त्याचं निदान केलं. प्लेगला उंदीर आणि पिसवा लागतात, त्यामुळे पुढची तुलना तंतोतंत नाही हे मान्य. पण त्याच हाँगकाँगमधून २००३ मध्ये निघालेला सार्स दोन दिवसांत टोरांटोला पोहोचला होता.

ती घटना नीट सांगतो, कारण या विषयातलं जवळजवळ सगळं तिच्यात आहे.

२१ फेब्रुवारी २००३ रोजी हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात ९११ क्रमांकाच्या खोलीत लिऊ जियानलुन नावाचे ६४ वर्षांचे डॉक्टर उतरले. ते शेजारच्या ग्वांगझौचे. तिथे त्यांनी एका न ओळखलेल्या न्यूमोनियाचे रुग्ण तपासले होते आणि आता एका नातेवाइकाच्या लग्नाला आले होते. ते विमानाने आले नव्हते, बसने आले होते. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी रुग्णालयात गेले, आणि ४ मार्चला त्यांचा मृत्यू झाला. पण त्या एका मुक्कामात त्यांच्या मजल्यावरच्या आणि हॉटेलात आलेल्या डझनाहून अधिक लोकांना संसर्ग झाला होता. बहुतेकांनी त्यांच्याशी एक शब्दही बोललेला नव्हता. हॉटेल आंतरराष्ट्रीय प्रवाशांचं. पाहुणे आपापल्या तिकिटांप्रमाणे निघाले: कोणी हनोईला, कोणी सिंगापूरला, कोणी कॅनडाला. विमानात चढताना बहुतेकांना काहीच त्रास नव्हता. आठवडाभराने या प्रत्येक शहरात एकेक रुग्णालय आजारी पडू लागलं.

हनोईत जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. कार्लो अर्बानी होते. फ्लूसारखा वाटणारा हा आजार काहीतरी वेगळा आहे हे त्यांनी पहिल्या काही दिवसांतच ओळखलं आणि जगाला सावध केलं. ११ मार्चला ते बँकॉकला परिषदेसाठी निघाले आणि वाटेत विमानातच त्यांना ताप भरला. विमानतळावर घ्यायला आलेल्या सहकाऱ्याला त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. संरक्षक कपड्यांतले कर्मचारी रुग्णवाहिका घेऊन येईपर्यंत सुमारे दीड तास दोघं लांब अंतरावर खुर्च्यांत बसून राहिले. २९ मार्चला अर्बानी गेले. त्यांच्या इशाऱ्यावर पावलं उचलणारा व्हिएतनाम एप्रिलच्या अखेरीस सार्सची साथ आटोक्यात आणणारा पहिला देश ठरला. माझ्या क्षेत्रातल्या माणसांना हे नाव ऐकलं की आजही गप्प व्हायला होतं.

आता कॅनडा. मेट्रोपोलमधले पाहुणे या एकाच देशात दोन शहरांत गेले. टोरांटोला परतलेल्या आजीबाई २३ फेब्रुवारीला घरी पोहोचल्या, आजारी पडल्या आणि ५ मार्चला घरीच वारल्या. ७ मार्चला त्यांचा मुलगा ताप आणि धाप घेऊन रुग्णालयात आला. तो स्वतः परदेशी गेलेलाच नव्हता. खाट रिकामी नसल्याने रात्रभर तो आकस्मिक विभागात, पडद्याआडच्या इतर रुग्णांच्या शेजारी राहिला. श्वास लागतोय म्हणून त्याला वाफेतून औषध दिलं गेलं. त्या औषधाने तुषार आणखी पसरतात. शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांना, त्यांच्या घरच्यांना, परिचारिकांना, तिथून दुसऱ्या रुग्णालयांना लागण होत गेली. कॅनडात सार्सने ४४ जण गेले, ते या साखळीत.

त्याच ७ मार्चला व्हँकूव्हरमध्ये मेट्रोपोलमध्येच राहून आलेला दुसरा एक माणूस रुग्णालयात आला. तिथल्या प्रांताच्या रोगनियंत्रण केंद्राने, आशियातून परतलेला आणि श्वसनाचा गंभीर आजार असलेला रुग्ण दिसला तर सावध राहा, असं रुग्णालयांना आधीच कळवलं होतं. प्रवासाची चौकशी झाली आणि काही मिनिटांत त्याला मास्क लावून वेगळं ठेवण्यात आलं. व्हँकूव्हरमध्ये साथ उभीच राहिली नाही.

हॉटेल एक, विषाणू एक, देश एक, तारीखही एक. दोन्ही विमानं उतरलीच होती. फरक पडला तो विमानतळापासून कित्येक किलोमीटर दूर, रुग्णालयात पहिल्यांदा नाव लिहून घेताना. इतक्या वर्षांच्या कामातून मी जे शिकलो ते एवढंच आहे: विमान रोग आणतंच, साथ होणार की नाही हे पहिल्या दवाखान्यात ठरतं. टोरांटोच्या मुलाच्या उदाहरणातून आणखी एक बारीक गोष्ट निघते. "तुम्ही कुठे जाऊन आलात?" एवढं विचारून भागत नाही. "घरात कोणी जाऊन आलंय का?" हेही विचारावं लागतं.

हे एकदाच घडलं असतं तर योगायोग म्हणता आला असता. मे २०१५ मध्ये दक्षिण कोरियाचा एक व्यावसायिक आखाती देशांतून परतला. आठवड्याने त्याला मर्सची, म्हणजे सार्सच्याच जातकुळीतल्या आजाराची, लक्षणं सुरू झाली आणि २० मे रोजी निदान होईपर्यंत तो एकामागून एक दवाखाने फिरला. त्याच्यापासून सुरू झालेल्या साखळीत १८६ रुग्ण झाले, ३८ मृत्यू झाले, आणि हे जवळजवळ सगळं रुग्णालयांच्या आत घडलं. याच्या उलट जुलै २०१४ मध्ये लायबेरियाहून एक आजारी अधिकारी लागोसच्या विमानतळावर उतरला, तिथेच कोसळला आणि मलेरिया समजून दाखल केला गेला. डॉ. अमेयो स्टेला अडादेवो यांना शंका आली. त्याला सोडा, परिषदेला जायचंय, असा वरून दबाव येत असतानाही त्यांनी त्याला खोलीबाहेर जाऊ दिलं नाही आणि इबोलाची तपासणी करवून घेतली. नंतर नायजेरियाने पोलिओच्या कामातले कार्यकर्ते वळवून संपर्कात आलेल्या सुमारे ९०० जणांचा घरोघरी पाठपुरावा केला. दाटीवाटीच्या त्या महानगरात इबोला शिरूनही सगळ्या देशात मिळून २० रुग्ण आणि ८ मृत्यू यांवर साथ थांबली. त्या आठांत डॉ. अडादेवो होत्या.

मग विमानतळावरची तपासणी कशासाठी? थर्मल स्कॅनर कपाळाचं तापमान बघतो. ज्याला अजून ताप आलेला नाही तो सुटतो. ज्याने उतरायच्या दोन तास आधी पॅरासिटामॉल घेतली तोही सुटतो. २००३ मध्ये कॅनडाच्या विमानतळांवर लाखो प्रवासी तपासले गेले, सार्सचा एकही रुग्ण त्यांत सापडला नाही. करोनाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी गणित मांडलं तेव्हा निघताना आणि उतरताना दोन्हीकडे ताप तपासला तरी संसर्ग झालेले जवळजवळ निम्मे प्रवासी निसटतील असं दिसलं. सप्टेंबर २०१४ मध्ये लायबेरियाहून अमेरिकेला निघालेल्या एका प्रवाशाचा ताप विमानतळावर मोजला होता, तो नॉर्मल होता. डॅलसला पोहोचल्यावर चार दिवसांनी इबोलाची लक्षणं सुरू झाली. तो रुग्णालयात गेला, आपण आफ्रिकेतून आलो असं त्याने परिचारिकेला सांगितलं, पण पुढे त्या माहितीवरून कोणी काही केलं नाही आणि त्याला घरी पाठवलं. तीन दिवसांनी तो अत्यवस्थ होऊन परत आला. त्याची सेवा करणाऱ्या दोन परिचारिकांना लागण झाली.

आपल्याकडचं बघू. महाराष्ट्रातले पहिले दोन करोना रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात निघाले. दुबईच्या सहलीहून १ मार्चला परतलेलं जोडपं. परदेशातून येणाऱ्या सगळ्याच प्रवाशांची तपासणी करायचा निर्णय जाहीर झाला ४ मार्चला. तोवर डोळे चीनकडे आणि आणखी काही ठरावीक देशांकडे लागलेले होते. १० मार्चला त्या जोडप्याची मुलगी, एक सहप्रवासी आणि मुंबईहून पुण्याला त्यांना आणणारा टॅक्सीचालक हे तिघेही पॉझिटिव्ह निघाले. मात्र १ मार्चला स्कॅनर लावून काही हाती लागलं असतं असं मला वाटत नाही.

इथे नकाशाचा मुद्दा येतो. साथ किलोमीटर मोजत नाही, ती प्रवासी मोजते. डर्क ब्रॉकमान आणि डर्क हेल्बिंग या दोन शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हे गणितात बसवून दाखवलं: दोन शहरांमध्ये किती माणसं ये-जा करतात त्यावरून अंतर ठरवलं, तर सार्स आणि २००९ चा स्वाइन फ्लू कुठे कधी पोहोचला याचा हिशोब सरळ रेषेत लागतो. या हिशोबात मुंबईला गडचिरोली लांब आहे आणि दुबई शेजारी. वुहानचा रोग वुहानहूनच येईल अशी अपेक्षा ठेवणं म्हणूनच चुकीचं होतं. तो मिलानहून आला, दुबईहून आला, जिथे आपली माणसं जास्त जातात तिथून आला. २०१९ मध्ये जगभरात सुमारे ४५० कोटी विमानप्रवास झाले. या आकड्यापुढे एका देशाच्या यादीवर नजर ठेवून बसण्यात फार अर्थ उरत नाही.

उड्डाणं बंद करण्याबद्दल लोक फार हिरिरीने भांडतात. माझं मत सांगतो. समजा रुग्ण दर तीन दिवसांनी दुप्पट होत आहेत आणि तुम्ही येणारे प्रवासी ९० टक्क्यांनी घटवले. साथ किती दिवस पुढे ढकलली जाते? उरलेला दहावा हिस्सा पुन्हा दहापट व्हायला साडेतीनहून कमी दुपटी पुरतात, म्हणजे सुमारे दहा दिवस. बस. त्या दहा दिवसांत खाटा, मास्क, चाचण्या, माणसं तयार केली तर ते दहा दिवस सोन्यासारखे आहेत. नुसतं बंदीचं पत्रक काढून हातावर हात धरून बसलं तर ते वाया जातात. न्यूझीलंडने २०२० मध्ये रोग खरोखर बाहेर ठेवला, पण नुसती सीमा बंद करून नव्हे. परतणाऱ्या आपल्याच नागरिकांना १४ दिवस हॉटेलांत ठेवून, म्हणजे जहाजाच्या काळातला तो हरवलेला वेळ जमिनीवर परत निर्माण करून.

आणि बंदी बहुतेक वेळा उशिरा येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉन प्रामाणिकपणे जगाला कळवला. दोन दिवसांत अनेक देशांनी त्यांची उड्डाणं तोडली. बंदी आली त्याच दिवशी तिथून ॲमस्टरडॅमला उतरलेल्या दोन विमानांतले ६०० हून अधिक प्रवासी तपासले, त्यांतले ६१ पॉझिटिव्ह निघाले. नंतर नेदरलँड्समध्ये जुने नमुने उघडून बघितले तर १९ नोव्हेंबरच्या नमुन्यातही ओमायक्रॉन होता. म्हणजे बातमी यायच्या आधीच तो युरोपात फिरत होता. ज्याने आधी सांगितलं त्यालाच वाळीत टाकलं. भारताने हे १९९४ मध्ये सुरतच्या प्लेगच्या वेळी सोसलं आहे. तेव्हा कित्येक देशांनी आपली विमानसेवा तोडली होती. पुढच्या साथीत एखादा देश तोंड उघडायच्या आधी दहादा विचार करेल, आणि तो विचार करण्यात गेलेला प्रत्येक दिवस आपल्या सगळ्यांचा असेल. याची मला मनापासून काळजी वाटते.

आता विमानाच्या आतल्या हवेकडे येतो.

उडत्या विमानात हवा ताशी वीसेक वेळा बदलते. साधारण अर्धी बाहेरून ताजी घेतलेली असते आणि उरलेली हेपा फिल्टरमधून गाळून परत सोडलेली. हे फिल्टर विषाणू वाहून नेणारे सूक्ष्म कण जवळजवळ सगळे अडवतात. शिवाय हवा विमानाच्या नाकापासून शेपटीपर्यंत वाहत नाही. ती डोक्यावरून येते आणि त्याच रांगेच्या आसपास पायाशी असलेल्या जाळीतून बाहेर खेचली जाते. त्यामुळे चाळिसाव्या रांगेतला खोकला पाचव्या रांगेपर्यंत यायची शक्यता कमी. धोका मुख्यतः आजारी माणसाच्या शेजारच्या आणि पुढच्या-मागच्या एक-दोन रांगांना. क्षयरोगाच्या बाबतीत आठ तासांहून मोठा प्रवास आणि आजूबाजूच्या दोन रांगा, असा ठोकताळा आम्ही सहप्रवासी शोधताना वापरतो.

पण ठोकताळा म्हणजे हमी नव्हे. १५ मार्च २००३ ला हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या विमानात एक आजारी वृद्ध होते आणि त्या तीन तासांत २० हून अधिक जणांना सार्स झाला. त्यांतले काही त्यांच्यापासून सात रांगा पुढे बसले होते. त्याच संशोधनातल्या दुसऱ्या विमानात सार्सची लक्षणं असलेले चार रुग्ण होते, आणि तिथे फार तर एकाला लागण झाली. सगळे रुग्ण सारखा विषाणू सोडत नाहीत आणि कोण जास्त सोडतो हे चेहऱ्यावरून कळत नाही. मार्च २०२० मध्ये लंडनहून हनोईला गेलेल्या विमानात एका आजारी प्रवाशामुळे पंधराएक जणांना करोना झाला. बहुतेक त्याच बिझनेस क्लासमधले, ऐसपैस खुर्च्यांवर बसलेले. दहा तास आणि तोंडाला मास्क नाही, तर महागडं तिकीट वाचवत नाही.

माझ्या दृष्टीने सर्वांत बोलकं उदाहरण अलास्कातलं, १९७७ चं. एक छोटं जेट, आत ५४ माणसं. इंजिन बिघडल्याने ते तीन तास धावपट्टीवर उभं राहिलं आणि त्या वेळात आतली वायुवीजन यंत्रणा बंद होती. एका प्रवाशाला फ्लू होता. तीन दिवसांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले, आणि जो जितका वेळ आत बसला तितकी त्याची शक्यता वाढली; पाय मोकळे करायला बाहेर गेलेले तुलनेने वाचले. २०२० मध्ये दुबईहून ऑकलंडला गेलेल्या एका विमानात संसर्ग झाल्याचं विषाणूच्या जनुकीय तपासणीने सिद्ध झालं. त्या विमानातही क्वालालंपूरला इंधन भरताना अर्धाएक तास हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद होती. तेव्हा उडत्या विमानापेक्षा उभ्या विमानाची काळजी करा. सगळे चढले आहेत, दार बंद आहे, इंजिन बंद आहे, हवा कोंदट वाटते आहे, तेव्हा मास्क नाकावर हवा. एकदा विमान वर गेलं की डोक्यावरची हवेची झडप उघडी ठेवा. खिडकीची जागा मिळाली तर घ्या, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांशी संबंध कमी येतो.

माणसाकडून माणसाला होणाऱ्या रोगांवरच सगळं लक्ष जातं, म्हणून डासांबद्दल थोडं. १९९४ च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या रोआसी विमानतळाच्या परिसरात सहा जणांना मलेरिया झाला. आफ्रिकेतून आलेल्या विमानात डास आले होते. असं होतं, पण क्वचित. डास विमानातून येण्यापेक्षा विषाणू माणसाच्या रक्तातून येतो आणि तुमच्या दारातला डास तो उचलतो, हे फार जास्त वेळा घडतं. २००७ मध्ये केरळहून आलेल्या एका पाहुण्यामुळे इटलीतल्या दोन लहान गावांत चिकुनगुन्या पसरला आणि दोनशेहून अधिक लोक सांधे धरून बसले, कारण त्यांच्याकडे एडिस जातीचा डास आधीच वसलेला होता. आपल्याकडे तो डास प्रत्येक सोसायटीच्या कुंड्यांखाली आहे. म्हणून आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या (यलो फीव्हर) देशांतून येणाऱ्याकडे भारत लसीचं पिवळं कार्ड मागतो आणि ते नसेल तर सहा दिवस विलगीकरणात ठेवतो. लोक यावरून विमानतळावर वाद घालतात. २०१६ मध्ये अंगोलातली साथ भरात असताना तिथून परतलेल्या ११ कामगारांबरोबर पीतज्वर चीनमध्ये पोहोचला होता. आशियात आजवर याची साथ आलेली नाही, ती येऊ नये म्हणून हे सहा दिवस आहेत. लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि आता ती आयुष्यभर चालते.

गोवराची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८७५ मध्ये फिजीचा राजा चाकोबाऊ ब्रिटिश युद्धनौकेने सिडनीहून परतला, बरोबर गोवर आला. सुमारे दीड लाख वस्तीतली ४० हजार माणसं गेली. २०१९ मध्ये न्यूझीलंडमधली गोवराची साथ विमानाने त्याच समुद्रातल्या बेटांवर पोहोचली. सामोआत आधीच्या वर्षी लस चुकीच्या द्रवात मिसळल्याने दोन बाळं दगावली होती. त्या धक्क्याने लसीकरण थांबलं होतं आणि लस घेतलेल्या बाळांचं प्रमाण तिशीच्या घरात उतरलं होतं. तिथे ८३ जण गेले, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. फिजीतही गोवर पोहोचला. तिथे लसीकरण भक्कम होतं. मोजके रुग्ण, मृत्यू एकही नाही. ज्या बेटांवर जहाजाने आलेल्या गोवराने चौथाईहून अधिक माणसं नेली, तिथेच विमानाने आलेला गोवर काही करू शकला नाही.

तेव्हा, लेकीकडे जाण्यापूर्वी: गोवराच्या लसीचे दोन डोस झालेत का, नातवंडांचे झालेत का, ते बघा. साठी उलटली असेल तर फ्लूची लस घ्या. ताप-खोकला असताना तिकीट पुढे ढकला. तुम्ही ज्यांच्या शेजारी बसणार आहात त्यांच्यात एखादी केमोथेरपी घेणारी बाईही असू शकते.

परतल्यावर तीन आठवडे स्वतःकडे लक्ष असू द्या, आणि या काळात ताप आला तर दवाखान्याच्या दारातच, कोणी विचारायची वाट न बघता, कुठून आणि कोणत्या तारखेला आलात ते सांगा. मध्ये कुठे विमान बदललं असेल, शेतावर, जनावरांत किंवा रुग्णालयात गेला असाल तर तेही सांगा. अंगावर पुरळ असेल तर आधी फोन करा, थेट जाऊन लहान मुलांच्या रांगेत बसू नका.

टांझानियात साखर कारखान्याच्या उभारणीसाठी गेलेला सांगलीकडचा एक फिटर माझ्याकडे आणला होता तेव्हा तो धड बोलत नव्हता. घरी येऊन नवव्या दिवशी ताप आला. गावातल्या दवाखान्यात सलाइन, इंजेक्शन, टायफॉइडच्या गोळ्या, मग तालुक्याला डेंग्यूची तपासणी. पावसाळा होता, सगळ्या गावालाच ताप होता. "कारखान्यात कामाला" असं केसपेपरवर लिहिलं होतं आणि कारखाना कुठला हे कोणीच विचारलं नव्हतं. डोळे पिवळे झाल्यावर मोठ्या भावाने सहज टांझानियाचं नाव काढलं. रक्ताच्या काचपट्टीवर फाल्सिपेरम या घातक मलेरियाचे परजीवी खच्चून भरलेले. आर्टेसुनेटच्या इंजेक्शनांनी तो वाचला, पण मूत्रपिंडं सावरायला बरेच दिवस गेले. आफ्रिकेतून आलेल्या माणसाला ताप आला तर मलेरियाची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. पहिली निगेटिव्ह आली तर बारा ते चोवीस तासांनी दुसरी, आणि तिसरीही. आणि मलेरियाला महिना उलटून गेल्यावरही ताप येऊ शकतो, म्हणून या एका रोगासाठी तीन आठवड्यांची मर्यादा धरू नका. परतल्यानंतर वर्षभर प्रत्येक तापात डॉक्टरांना आफ्रिकेचं नाव सांगा.